कांचनची मुदत

भूषण भामरेची मुदत अडतीस महिने निघाली आणि त्याच्या बायकोची तीन. दोघांचे आकडे एकाच सकाळी, पोह्यांच्या बशा पुढ्यात असताना, आपापल्या फोनवर आले. कांचनने स्वतःचा पाहिला, मग त्याचा पाहिला आणि फोन पालथा घातला. भूषणने पोहे अर्ध्यावर सोडले. मीठ जास्त झालंय म्हणाला. मीठ अगदी बेताचं होतं.

मुदत म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर या माणसाच्या पोटात का दुखलं ते कळायचं नाही.

मंदीला तेव्हा दुसरं वर्ष लागलं होतं. नाशिकच्या अंबडमधल्या निम्म्या कारखान्यांच्या फाटकांना कुलपं होती, उरलेल्यांत एकच पाळी चाले. मंदी किती दिवस चालणार हे सांगणाऱ्यांचा मात्र सुकाळ होता. एक म्हणायचा दिवाळीपर्यंत, दुसरा म्हणायचा पाच वर्षं, आणि दोघेही टीव्हीवर एकाच सोफ्यावर बसून म्हणायचे. त्यांची अडचण अशी, की ते झालेला खर्च मोजत. किती गाड्या खपल्या, किती कर भरला गेला, किती कर्ज उचललं गेलं. पाहुणे जेवून गेल्यावर पोळ्या किती लागल्या ते मोजायचं; उद्या किती पाहुणे येणार, ते त्यातून कसं कळावं?

पुण्यातल्या एका संस्थेत डॉ. नलिनी आठल्ये म्हणून बाई होत्या. त्यांच्या घरचं वॉशिंग मशीन बिघडलं. नवं घ्यावं तर नोकरीची शाश्वती नाही. या धास्तीत बाई एकाच दुकानात तीनदा जाऊन किंमत विचारून आल्या. पहिल्यांदा उगाच, दुसऱ्यांदा दीडेक महिन्याने, तिसऱ्यांदा त्याच आठवड्यात. परत येताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला. आपला खर्च दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाच मनात होऊन गेला होता, फक्त खिशातून व्हायचा राहिला होता. पहिल्यांदा माणूस कशाचीही किंमत विचारतो, त्यात काही अर्थ नाही. तेच परत विचारायला येतो तेव्हा त्याला ती वस्तू हवी असते. आणि या दोन विचारण्यांतलं अंतर जसजसं आखडतं, तसतशी मंदी उतरणीला लागते.

हे मोजता येत होतं. तोवर दुकानदार, कारागीर, कंत्राटदार अशा सगळ्यांच्या धंद्याचे फोन आणि निरोप एका सरकारी जाळ्यातून जायला लागले होते. विचारणाऱ्याचं नाव पुसायचं. कुणाला काय विचारलं आणि तेच परत किती दिवसांनी विचारलं, एवढंच यंत्र टिपायचं. अंतरं कोणत्या वेगाने आखडताहेत ते पाहून त्यांच्या आलेखाची रेघ पुढे ओढायची आणि ती जमिनीला कुठे टेकते ते वाचायचं. देशातली मंदी उठायला चौदा महिने निघाले. जिल्ह्यांचे वेगळे, धंद्यांचे वेगळे. आकडे महिन्यामागून महिने खरे ठरत गेले, तेव्हा सरकारने प्रत्येक कामकऱ्याला त्याची त्याची मुदत, म्हणजे त्याच्यापुरती मंदी संपायला उरलेले महिने, दर पहिल्या तारखेला कळवायला सुरुवात केली. कारण मंदी सगळ्यांच्या दारातून एकदम उठत नाही. एकाकडून लवकर निघते, दुसऱ्याकडे ठाण मांडून बसते.

मग काय, लोक मुदतीवरच चालायला लागले. लग्नाच्या बायोडेटात उंचीच्या खाली मुदत आली. मुदत कमी असलेल्याला लोक आधी काम देत, म्हणून त्याची आणखी कमी होई. आणि अंबडला बंद पडलेल्या एका कारखान्याच्या जागेत सरकारने छोटे गाळे काढले, तेही मुदतीवरच द्यायचे ठरले. वाटपाच्या दिवशी सहा महिन्यांच्या आत असेल त्याला गाळा; एका घराला एकच.

कांचनला तो गाळा हवा होता. सिडकोतल्या त्यांच्या घराच्या गॅलरीत ती मिक्सर, पंखे, शेगड्या दुरुस्त करायची. गॅलरी एवढीशी, एक माणूस बसला की दुसऱ्याने उभं राहायचं. लोकांना नवं घेणं परवडत नव्हतं, जुनंच टिकवायचं होतं, म्हणून तिच्याकडे रीघ लागली होती. आणि तिला सोल्डरिंग शिकवलं कुणी? भूषणने. लग्नाच्या पहिल्या वर्षी, रविवारचा विरंगुळा म्हणून. तिने पहिला रेडिओ वाजवून दाखवला तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली होती आणि चारचौघांत सांगितलं होतं, ‘आमच्या हिचा टाइमपास.’

स्वतः भूषण साचे काढायचा, म्हणजे गाड्यांचे बंपर ज्या पोलादी साच्यांत ओततात त्यांची रचना करायचा. त्याने काढलेल्या साच्यांतले बंपर देशभर एकमेकांवर आपटत फिरत होते. कंपनी बंद पडली आणि तो घरी बसला. घरी बसलेल्या माणसाला काम हवं, म्हणून कांचनने सरळ मनाने आपला धंद्याचा फोन त्याच्या हातात दिला.

"माझे दोन्ही हात गुंतलेले असतात हो. तुम्ही तेवढा फोन घेत जा. काय बिघडलंय, कधी आणताय, एवढंच विचारायचं."

"घेईन की," भूषण म्हणाला.

घेऊ लागला. फोन वाजायचा आणि पलीकडून पहिला प्रश्न एकच यायचा, "ताई आहेत का?" दिवसभर तेच. कुणी म्हणे, "तुम्ही ताईंकडे कामाला का?" एकीने तर सांगितलं, "दादा, तुम्ही राहू द्या, तुम्हाला नाही कळायचं, ताईंना द्या." चाळीस टनांचा साचा कागदावर उभा करणाऱ्या माणसाला मिक्सरचं भांडं कळायचं नाही. भूषणने फोन नेऊन दिला. गॅलरीत कांचन खांदा आणि कान यांच्यात फोन धरून हसत बोलत होती, हाताने तार ओढत होती, आणि ते हसणं त्याच्या डोळ्यांत खुपलं. त्याला बायकोचा हेवा वाटत होता. दुसरं कुठलं नाव त्याला नव्हतं. शेजाऱ्याचा वाटला असता तर त्याने शिव्या घालून मोकळं केलं असतं. बायकोचा हेवा कुणाला सांगणार? तो आतल्या आत शिजत राहिला.

आणि मग एका दुपारी त्याने ते केलं.

खैरनार म्हणून एक बाई होत्या. वॉशिंग मशीनचं सर्किट जळलं होतं, दुरुस्तीचं काय पडेल म्हणून पहिल्यांदाच विचारत होत्या. भूषण म्हणाला, "ते दुरुस्त होत नाही, मॅडम. झालं तरी टिकत नाही. उगाच हेलपाटे घालू नका." आवाज असा गोड, की बाईंनी आभार मानले. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. करायचं कारणच उरलं नव्हतं.

दुसऱ्यांदा विचारणारा माणूस तयारच होऊ द्यायचा नाही, बस. खोटंही फार बोलावं लागत नव्हतं. कुणाला म्हणायचं, ताईंकडे फार गर्दी आहे, दिवाळीनंतर बघा. कुणाला म्हणायचं, त्या मॉडेलचे पार्ट येत नाहीत आता. कुणाला नुसती किंमत अशी सांगायची की पलीकडे शांतता पसरावी. प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटायचं आणि लगेच लाज वाटायची. पण आधी बरं वाटायचं.

पुढच्या पहिल्या तारखेला कांचनची मुदत पाच झाली. त्याच्या पुढच्या महिन्यात आठ.

"असं कसं झालं?" ती आकड्याकडे बघत म्हणाली. "माझ्या हातचं काही परत आलंय का बिघडून? कुणी काही बोललं का तुम्हाला फोनवर?"

"नाही गं. बाजारच तसा आहे."

"पण परत विचारतच नाहीत लोक. एकदा विचारतात नि गप्प."

"होतं असं. एवढं मनाला लावून नाही घ्यायचं. मी आहे ना."

ऐका बरं का आता. नाटक करत होता असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. तिचा पडलेला चेहरा पाहिला की भूषणला खरोखरच माया दाटून यायची. तो चहा करायचा. तिच्या पाठीवर हात ठेवायचा. तिला घेऊन गंगापूर धरणाच्या कडेला गेला, मिसळ खाऊ घातली, लग्नाआधीच्या गोष्टी काढल्या. कांचन त्याच्या खांद्याला टेकून म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून निभावतंय." दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला रात्री शांत झोप लागत होती. बारा वर्षांच्या संसारात एवढा चांगला नवरा तो कधी झाला नव्हता.

त्यात भर म्हणजे त्याची स्वतःची मुदत उतरायला लागली. अडतीसची एकतीस झाली, एकतिसाची एकोणीस. त्याच्या स्वतःच्या फोनवर चौकशा येत होत्या. बंपरच्या नव्हत्या, पण साच्यांच्याच होत्या. कुणाला मोदकाचा साचा हवा होता, कुणाला साबणाचा, कुणाला कुंड्यांचा. आधी त्याने नाक मुरडलं. मग आठवड्याच्या आत तीच माणसं पुन्हा विचारायला लागली, तेव्हा तो कागद-पेन्सिल घेऊन बसला. मोदकाच्या साच्याला कळ्या किती, उतार किती, पीठ चिकटू नये म्हणून आतून काय करायचं, हे तो लोकांना अर्धा अर्धा तास समजावून सांगू लागला. कांचन गॅलरीतून ऐकायची आणि हसायची.

"बघ," तो तिला म्हणायचा, "शेवटी ज्ञान आहे ते आहे. लोकांना कळतं."

"कळणारच," ती म्हणायची.

वाटपाला चारच दिवस राहिले होते. नवे आकडे आले, कांचनची अकरा आणि भूषणची पाच. ती म्हणाली, "जाऊ दे. तुमची तर आत आली ना? तुमच्या नावावर घेऊ." खरंच मनापासून म्हणाली. भूषण त्या दिवशी गच्चीवर जाऊन उभा राहिला आणि अख्ख्या सिडकोकडे मालकासारखा बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन वाजला.

"भामरेसाहेब का? मी आव्हाड, पवननगरचा. ते चकलीच्या सोऱ्याच्या ताटलीचं विचारत होतो."

"काका, मागच्या आठवड्यात बोललो ना आपण? ताटलीची जाडी कळवा म्हटलं होतं मी."

"हां, जाडी." पलीकडे काका घुटमळले. "साहेब, खरं सांगू का, चकलीतलं मला काही कळत नाही. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय माझं. ताई म्हणाल्या होत्या, आठ दिवसांच्या आत दुसऱ्यांदा विचारायचं. माझा पंखा असा झकास करून दिला त्यांनी, म्हटलं एवढं तर करू. झाले ना आता दोन? का आणखी एक करू?"

भूषणने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "झाले," तो म्हणाला.

"आणि तुम्हाला माहीत नाही असं धरून बोलायचं होतं मी. ताईंना सांगू नका हं."

मोदक, साबण, कुंड्या. दुरुस्त केलेली वस्तू न्यायला गॅलरीत आलेल्या प्रत्येकाला कांचनने सांगितलं होतं. यंत्राला फक्त दुसऱ्यांदा विचारणं कळत होतं; कुणी कशासाठी विचारलं, ते त्याला कळत नव्हतं. आपली मुदत चढत असताना ती त्याची उतरवत बसली होती.

दुसरा कुणी असता तर तिथेच विरघळला असता. भूषण आणखी जळाला. म्हणजे ज्ञानबिन काही नाही, हीही तिचीच देणगी. माणसं तिच्या शब्दाला एवढी जागतात की ज्यांना चकली वर्ज्य ते सोऱ्याची ताटली विचारतात. त्याच्या शब्दाखातर कुणी एक फोन तरी केला असता का? दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. तिला वाटलं, गाळ्याची काळजी असेल.

वाटपाच्या दिवशी कार्यालयाच्या आवारात मांडव घातला होता. माणसं बाकांवर बसून नाव पुकारायची वाट बघत होती. कांचनने ठेवणीतली मोरपिशी साडी नेसली होती. तिच्या उत्साहाने भूषण कावला होता.

"पाटीवर तुमचं नाव मोठं टाकू," ती म्हणाली. "साच्यांचं काम पुढे. मी आपली मागच्या भिंतीला बसेन. माझ्या कामात काही राम नाही बहुतेक, उगाच हवेत होते मी. बरं झालं तुम्ही वेळेवर समजावलंत."

भूषणने तिच्याकडे पाहिलं. ती खरंच तसं मानून बसली होती. सहा महिन्यांपूर्वी जळक्या सर्किटकडे बघून ‘होईल’ म्हणून मान डोलावणारी कांचन आता स्वतःच्या हातांकडे बघून बोलत होती. त्याला एकदम भीती वाटली. आपण थांबवलेलं काम दिवाळीनंतर परत सुरू होईल, पण तिचा स्वतःवरचा विश्वास परत येईल का, हे त्याला सांगता येईना.

"तुझं काम चांगलं आहे," तो म्हणाला. "लोक मी परतवले."

"कुठले लोक?"

"फोनवाले. खैरनार बाई, ते शेगडीवाले, सगळे. होत नाही म्हणून सांगायचो, नाहीतर भलती किंमत सांगायचो. तुझी मुदत मी चढवली, कांचन. मला बघवत नव्हतं तुझं."

मांडवात कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, कुणीतरी उठून गेलं. कांचनने अगदी हळू विचारलं, "आणि मला धीर द्यायचात ते? चहा, धरणावर नेलंत ते? ते नाटक होतं?"

"नाही," तो घाईघाईने म्हणाला. निदान एवढं तरी आपल्याकडे आहे असं त्याला वाटलं. "आईशप्पथ नाही. ते सगळं खरं होतं."

"नाटक असतं तर बरं झालं असतं," कांचन म्हणाली.

त्याला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं, आवाज न चढवता. "मी पडले की तुम्हाला माझी माया येते. म्हणजे चार महिने मी तुमच्या ज्या प्रेमावर जगले, ते माझं वाईट झाल्यामुळे आलेलं होतं. आता तुम्ही प्रेमाने बोललात की मी काय समजू?"

"भूषण भामरे," कर्ण्यातून आवाज आला.

तिने आपला फोन घ्यायला हात पुढे केला. त्याने दिला. ती उठून मांडवाबाहेर गेली.

भूषण खिडकीपाशी गेला आणि गाळा नको म्हणाला. खिडकीतल्या माणसाने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "अहो, पाच आहे तुमची. लोक यासाठी नवस बोलताहेत."

"पुढचं नाव घ्या," भूषण म्हणाला.

ती भांडली असती, माहेरी गेली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. ती गेली नाही. स्वयंपाक दोघांचा करत होती, बोलण्यापुरतं बोलत होती. फोन आता गॅलरीतच असायचा, स्पीकरवर, आणि गिऱ्हाइकांना ती स्वतः उत्तरं द्यायची. खैरनार बाईंना तिने स्वतःहून बोलावून घेतलं. भूषणला कुणी साचा विचारेनासं झालं आणि त्याची मुदत परत छत्तिसावर जाऊन बसली. तो रोज सायकलने भद्रकालीच्या बाजारात जाऊन तिच्यासाठी सुटे भाग आणू लागला. ती यादी सांगायची, तो आणायचा. दुकानात लोक विचारायचे, "ताईंकडून का?" तो "हो" म्हणायचा. कधी सरळ म्हणता यायचं, कधी दात आवळून. हेवा काही एका दिवसात जात नाही, पण तो आलेला आता त्याला ओळखू यायचा.

पावसाळा सरला. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो सुटे भाग घेऊन परत येत होता, तर गल्लीच्या तोंडाशी शेजारचे शेवाळे भेटले.

"काय राव, पेढे कुठेत? गाळ्यांची यादी लागलीय अंबडला, वहिनींची मुदत दोनवर आलीय. पंधरा तारखेला परत वाटप आहे म्हणे. गाळा ठरला आता."

भूषण सायकल धरून तिथेच उभा राहिला. त्याने मन चाचपून पाहिलं. जळजळ होते का, खुपतंय का. नव्हतं. नुसता आनंद झाला होता, एवढा की त्याला स्वतःचंच नवल वाटलं. तो भराभरा जिना चढला. कांचन गॅलरीत खाली मान घालून काम करत होती, तिने अजून फोन पाहिला नव्हता. ही बातमी आपण तिला द्यायची, पण साधी नाही द्यायची. त्याने आलं ठेचून चहा केला, तिच्या आवडीचा कप काढला, गॅलरीच्या दारात गेला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कांचन."

तिने वर पाहिलं. हातातला चहा पाहिला, मग त्याचा माया दाटलेला चेहरा. तिचा रंग उतरला. तिने सोल्डरिंगची सळई हलकेच ठेवून दिली.

"किती झाली?" ती म्हणाली. "सांगा. किती चढली?"

"दोन," भूषण म्हणाला. "उतरली गं. दोन झाली."

कांचनने कपाला हात लावला नाही. तिने हात पुसले, बाजूचा फोन ओढला आणि आधी स्वतःच्या डोळ्यांनी आकडा पाहिला.